शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि दिवाळी अंकांचं रजिस्टर

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत, हैदराबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गेली सव्वीस वर्षं या शहरात संगणकशास्त्र शिकवतो. उत्सव समितीने मला "मुलांच्या प्रोजेक्टविषयी बोला" असं सांगितलं, तेव्हा आधी वाटलं की हा विषय इथे कोणाला रुचणार? मग सभागृहाची यादी डोळ्यांपुढे आणली. निम्म्या घरांत कोणी ना कोणी बी.टेक. करतंय. उरलेल्या निम्म्या घरांतली मंडळी कंपन्यांमध्ये त्याच मुलांच्या मुलाखती घेतात. टेबलाच्या दोन्ही बाजू एकाच सतरंजीवर बसल्या आहेत. अशी संधी पुन्हा कधी मिळायची?

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी तीन-चार मुलांनी मिळून एक मोठं काम करायचं असतं. त्याला मेजर प्रोजेक्ट म्हणतात. एक गाइड असतो, मधूनमधून रिव्ह्यू होतात, जाडजूड अहवाल बांधून घ्यायचा आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. विषयांची फॅशन बदलते. २००० च्या सुमारास दर दुसरा गट 'लायब्ररी मॅनेजमेंट' किंवा 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' आणायचा. आता चेहरा ओळखून हजेरी लावणारे प्रोजेक्ट येतात. नशीब मात्र बहुतेकांचं सारखंच असतं. परीक्षक दहा मिनिटं बघतात, सही करतात, अहवाल कपाटात जातो. त्या सॉफ्टवेअरचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा वापरकर्ता म्हणजे ते परीक्षक! तेही स्वतःच्या हाताने वापरत नाहीत, मुलं दाखवतील तेवढंच बघतात.

अशी वस्तू विकत घेणं साहजिकच सोपं. अमीरपेटच्या बाजूला खांबांवर लावलेली पत्रकं आपण सर्वांनी पाहिली आहेत. मिनी प्रोजेक्ट, मेजर प्रोजेक्ट, डॉक्युमेंटेशनसह तयार मिळेल. पैसे बहुधा आईवडीलच देतात आणि ते "प्रोजेक्टचा खर्च" म्हणून देतात. त्यांची फसवणूक होते असंही म्हणता येत नाही, कारण वस्तू मिळते, मार्क मिळतात. बिल येतं ते सहा महिन्यांनी, मुलाखतीत. समोरचा साधा प्रश्न विचारतो, "हा रकाना इथे का ठेवलात?" आणि मुलगा गप्प. इथे बसलेल्या मुलाखतकारांनी ते गप्प बसणं किती वेळा पाहिलंय, ते त्यांनाच विचारा.

पदवीच्या वर्गातल्या मुलांकडून खरीखुरी, लोकांनी वापरण्याजोगी प्रणाली होईल का, असं मला पुष्कळदा विचारतात. झालेली आहे, आणि तीही साठ वर्षांपूर्वी. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. त्या काळी कार्डांना भोकं पाडून गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं अशी पद्धत होती. एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी, आपापल्या टर्मिनलवरून काम करता यावं, असं या दोघांना हवं होतं. ती प्रणाली मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांनी लिहिली. मायकेल बुश आणि जॉन मॅकगीची ही त्यांतली दोन नावं. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता तिच्यावर बेसिक भाषेतले पहिले प्रोग्राम चालले. ती वापरणारे कोण होते? इतिहास, साहित्य शिकणारी मुलंसुद्धा. लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मेसमध्ये वापरणारा भेटणार आणि काय बिघडलं ते तोंडावर सांगणार! याहून चांगला परीक्षक विद्यापीठ कुठून आणणार?

दुसरं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स. त्याला घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या यंत्राशी जोडून घ्यायचं होतं. त्यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम वाढत वाढत एका कार्यप्रणालीचं बीज झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने इतरांना कळवलं की मी हौसेखातर असं काही करतोय, फार मोठं होणार नाही. पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. पुढे लिनक्सचं काय झालं ते सांगत बसत नाही, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. अनोळखी लोकांनी ते आपापल्या यंत्रावर चालवून पाहिलं आणि दुरुस्त्या धाडल्या. वापरणारे नसते तर त्या दहा हजार ओळी तिथेच राहिल्या असत्या.

आता इतक्या लांबून आपल्या गावात येऊ. आपल्या शहरातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयासाठी काही वर्षांपूर्वी माझ्या चार विद्यार्थ्यांनी काम केलं. चौघांत मराठी एकच मुलगी, नांदेडची. दोघे तेलुगू आणि एक जुन्या शहरातला, घरी उर्दू बोलणारा. ग्रंथालय छोटं, नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं, संध्याकाळी तीन तास उघडं. सगळा कारभार एका काकूंच्या हातात. विषय काय, तर तोच वीस वर्षांचा शिळा 'लायब्ररी मॅनेजमेंट'! विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनी नाक मुरडलं. मी एकच अट घातली होती, की मे महिन्यात काकूंनी तुमच्या मदतीशिवाय सलग पंधरा दिवस त्यावर कारभार करून दाखवायचा.

पहिल्या भेटीत मुलं लॅपटॉप घेऊन गेली. सुंदर लॉगिनचं पान, आत रंगीत वर्तुळाकार आलेख. काकूंनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि विचारलं, "छान आहे रे. पण अमुक पुस्तक आत्ता कोणाच्या घरी आहे, ते कुठे दिसतं?" ते कुठेच दिसत नव्हतं. मग त्यांनी आपली रजिस्टरं काढली. अनामत वेगळी, मासिक वर्गणी वेगळी. आजोबा गेले तरी सभासद क्रमांक तोच, पुस्तकं आता सूनबाई नेतात. आणि दिवाळी अंकांचं रजिस्टर स्वतंत्र! त्यांची वर्गणी निराळी, एका वेळी एकच अंक, तोही तीनच दिवस, आणि डिसेंबर संपला की उरलेले अंक नेहमीच्या पुस्तकांसारखे द्यायचे. तेलुगू मुलांना दिवाळी अंक म्हणजे काय हे समजावण्यातच एक संध्याकाळ गेली. "अम्मा, एका सणाला तीनशे पानांची मासिकं कशाला?" असं त्यातल्या एकाने विचारलं होतं. काकूंनी त्याला चिवडा दिला, उत्तर दिलं नाही.

यानंतर मुलांनी एक महिना कोडची एक ओळ लिहिली नाही. रोज दोघांनी काउंटरवर बसायचं आणि पुस्तकं द्यायची-घ्यायची. माझ्या मते त्या प्रोजेक्टचा सगळ्यात मोलाचा महिना तोच, आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत त्याला रकानाच नाही.

मग भाषेची गंमत सुरू झाली. ही थोडी सविस्तर सांगतो, कारण हे प्रश्न तयार प्रोजेक्टच्या दुकानात मिळत नाहीत. एके दिवशी 'वाऱ्यावरची वरात' शोधलं, तर संगणक म्हणाला, असं पुस्तक नाही. पुस्तक समोर टेबलावर! झालं होतं असं की संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने साठवतो, आणि 'वाऱ्या'मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ चा स्वतंत्र क्रमांक, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पोटात वेगळे. नोंदी करणाऱ्या दोघांचे कळफलक दोन तऱ्हेचे होते. युनिकोडचे स्वतःचे नियमही या दोन रूपांना एक मानत नाहीत. म्हणून मुलांनी आपला नियम लिहिला, की कोणताही मजकूर साठवण्याआधी आणि शोधण्याआधी एकाच रूपात आणायचा. या कामाला त्यांनी 'इस्त्री' असं नाव दिलं होतं. 'ॲ' चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि सवयीने पुष्कळ जण आजही तेच करतात. सभासदांच्या यादीत एकच 'ॲड.' दोन वेशांत वावरत होते.

अनुक्रमाचाही असाच घोळ. नुसत्या क्रमांकांप्रमाणे लावलं तर ळ येतो ल च्या मागोमाग आणि व च्या आधी. आपण शाळेत तो ह च्या नंतर शिकलो. क्षीरसागर आडनावाचे सभासद क च्या शेवटी, ख च्या आधी जाऊन बसले. काकूंच्या रजिस्टरात ते सगळ्यात शेवटी असत. शब्दकोशांत क्ष ला क खाली ठेवण्याची पद्धतही आहे, तेव्हा चूक-बरोबर काही नाही. प्रश्न एवढाच, की काकूंचा हात कुठे जातो? तिथे नाव सापडलं पाहिजे. शिवाय कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, गोविंदाग्रज म्हणजे गडकरी, हे संगणकाला कोण सांगणार? ते नांदेडच्या मुलीने आणि काकूंनी बसून सांगितलं.

एका जुन्या कार्यकर्त्याने पूर्वी दोनेक हजार पुस्तकांची यादी टाइप करून ठेवली होती. ती डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती, त्यामुळे नव्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या फॉन्टांत आपण हाताने लिहितो तशी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. 'स्थिती' लिहिताना वेलांटीला स् आणि थ या दोघांनाही ओलांडून पलीकडे न्यावं लागतं. रफाराचा प्रवास उलटा. 'अर्थ' मधला रफार जुन्या फॉन्टात शेवटी, युनिकोडमध्ये थ च्या आधी. हा बदल करणारा प्रोग्राम त्या उर्दूभाषक मुलाने लिहिला. त्याला मराठी वाचता येत नव्हती, आणि म्हणूनच बहुधा नियम काटेकोर निघाले. आपण वाचणारे अंदाजाने पुढे जातो, त्याला अंदाजाची सोयच नव्हती.

खजिनदारांसाठी एक गोष्ट सांगतो. आपल्या वर्गणीच्या पावतीला स्थळप्रत असते. पावती फाडली आणि स्थळप्रत कोरी राहिली, असं झालं तर हिशेब बिघडतो. संगणकात पुस्तक देताना दोन नोंदी होतात, एक पुस्तकाच्या नावावर आणि एक सभासदाच्या. मध्येच वीज गेली तर? दोन्ही तरी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, ही हमी डेटाबेसला देता येते. पुस्तकात ही व्याख्या पाठ करून मुलं चार मार्क मिळवतात. या मुलांनी ग्रंथालयात बसून, पुस्तक देता देता संगणकाचं बटण बंद करून ती तपासली. काकू अर्थातच घाबरल्या होत्या.

परीक्षकांनी एक रास्त प्रश्न विचारला. कोहा असताना हे कशाला? कोहा हे न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयांसाठी केलेलं मुक्त सॉफ्टवेअर, २००० सालापासून वापरात आहे. आपल्या हैदराबादेत घडलेलं न्यूजेनलिबही २००८ मध्ये मुक्त झालं. माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजच्या ग्रंथालयाने कोहाच घ्यावं, नव्याने चाक घडवत बसू नये. पण ते चालवायला सर्व्हर आणि सांभाळणारा जाणकार लागतो, आणि इथे होता एक जुना संगणक, एक टेबल पंखा आणि काकू. म्हणून मुलांनी सगळी माहिती एकाच फाइलीत ठेवणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस घेतला. दर शनिवारी एक बटण दाबलं की पेनड्राइव्हवर प्रत. कोहा त्यांनी आधी महिनाभर चालवून पाहिलं होतं आणि ते का नको, हे दोन पानांत लिहिलं होतं. परीक्षकांनी अहवालातली तीच दोन पानं नीट वाचली.

खरी परीक्षा पुढे असते. जूनमध्ये मुलं पास होतात, एक पुण्याला, एक बेंगळुरूला, एक परदेशी. मागे राहिलेलं सॉफ्टवेअर अनाथ होतं. अशी अनाथ सॉफ्टवेअरं मी पुष्कळ पाहिली. पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, मूळ कोड कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर. त्यावर उपाय म्हणून दोन गोष्टी सुरुवातीपासून केल्या. पहिली म्हणजे सगळा कोड गिटमध्ये. लिनक्सच्याच कामासाठी टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केलेलं हे साधन कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली हे नोंदवतं. शिक्षकांना त्याचा आणखी एक फायदा. सगळा प्रोजेक्ट एप्रिलच्या एकाच रात्री अवतरला असेल, तर ते लगेच दिसतं! दुसरी म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला नवा विषय न देता हेच सांभाळायला द्यायचं. यावर विभागात बरीच वादावादी झाली. दुसऱ्याच्या कोडमध्ये दुरुस्ती करणं हा काय प्रोजेक्ट आहे, असं म्हणणारे होते. इथल्या कंपनीवाल्यांना मी विचारतो, तुम्ही नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत दुसरं काय केलंत?

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं जुनं झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आता कोड यंत्रच लिहितं. खरं आहे. मी स्वतः वर्गात मुलांसमोर एका दुपारी यंत्राकडून लायब्ररीचा प्रोग्राम लिहवून घेतला, आणि तो चालला. लॉगिनचं पानही सुंदर होतं. त्यात दिवाळी अंक नव्हते, सूनबाई नव्हत्या, क्षीरसागर क मध्येच होते. सांगितल्यावर यंत्राने तेही बरंचसं करून दिलं. पण सांगायला आधी कोणीतरी महिनाभर त्या काउंटरवर बसायला हवं. अमीरपेटच्या तयार मालाची किंमत यंत्राने शून्यावर आणली, याचा मला तरी आनंदच आहे. यंत्र वापरायला मी मुलांना मनाई करत नाही. तोंडी परीक्षेत मात्र कोणतीही एक ओळ निवडतो आणि विचारतो, ही काढली तर काकूंचं काय अडेल?

आईवडिलांना माझी विनंती अशी, की मुलाने प्रोजेक्टसाठी पैसे मागितले तर जरूर द्या, पण ते वापरणार कोण, त्यांचं नाव विचारा. एखाद्या किराणा दुकानदाराचं, दवाखान्याचं, मेस चालवणाऱ्या मावशींचं, कोणाचंही चालेल. आणि कंपन्यांमधल्या मित्रांनो, तुमच्याकडे सर्टिफिकेट मागायला मुलं येतात, त्यांना ते देऊ नका. आठवड्याचा एक तास द्या आणि त्यांचा कोड वाचा. आपल्या मंडळाकडेही कामं आहेत. वर्गणीच्या पावत्या, महाप्रसादाची कुपनं, आरतीच्या यजमानांची यादी, हे सगळं अजून एका वहीत आणि तीन जणांच्या मोबाइलमध्ये आहे. अध्यक्ष हसताहेत, म्हणजे मी बरोबर बोललो असणार.

ग्रंथालयाचं काम अजून संपलेलं नाही. सध्या तिसरा गट ते सांभाळतोय. त्यांच्यापुढे आलेला ताजा पेच मोठा गोड आहे. सगळ्यात जुन्या दाखल-नोंदवहीत तारखा इसवी सनाच्या नाहीतच, निजामाच्या अमलातल्या फसली सनाच्या आहेत. बहमन, इस्फंदार अशी महिन्यांची नावं, वर्ष १३५०, म्हणजे आपलं १९४०-४१. प्रोग्रामच्या तारखेच्या रकान्यात ते बसेना. शेवटी ठरलं की वहीत आहे तसं एका रकान्यात उतरवायचं आणि इसवी सनातली तारीख शेजारी वेगळी ठेवायची. कुठे शाई उडाली आहे, कुठे अक्षर लागत नाही. पहिल्या गटातल्या त्या जुन्या शहरातल्या मुलाने आपल्या आजोबांना दोन रविवार आणून बसवलं होतं. तरी सत्तरएक पानं बाकी आहेत. आपल्यापैकी ज्या ज्येष्ठांनी फसली सनाची कागदपत्रं हाताळली असतील, त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावं. मुलं शनिवारी चार ते सात ग्रंथालयात असतात. चहा काकू करतात.